खुर्ची, भिंत, पलंग : चार ध्वनिफितींच्या कामाच्या नोंदी

५ जानेवारी

काम ठरलं. योगाच्या चार ध्वनिफिती, प्रत्येकी साधारण दहा मिनिटांच्या. एक सकाळी अंथरुणातच करायची, एक खुर्चीवरची, एक भिंतीच्या आधाराने उभ्याने करायची आणि एक रात्री झोपण्याआधीची. प्रत्येकीसोबत लिखित मजकूर. जमिनीवर बसायचं एकही आसन घ्यायचं नाही, ही अट मी घातली आहे. ज्यांच्यासाठी हे चाललंय त्यांच्यातल्या बहुतेकांचा योग तिथेच अडतो. खाली बसता येत नाही, बसलं तर उठता येत नाही, आणि उठवायला दुसरं माणूस लागतं म्हटल्यावर कुणी पुन्हा त्या वाटेला जात नाही.

ऐकणाऱ्यांची यादी टेबलासमोर चिकटवली. गुडघे बदललेल्या काकू. व्हीलचेअर वापरणारा तिशीतला मुलगा. अजिबात न दिसणारे एक निवृत्त सर. खांदा आखडलेली ताई. दिवसभर संगणकापुढे बसणारी एक मैत्रीण, जी म्हणते की श्वासाकडे लक्ष द्या म्हटलं की तिची धडधड उलट वाढते. अंथरुणाला खिळलेले आजोबा आणि त्यांचं सगळं करणारी सून. 'सगळ्यांसाठी' म्हणून लिहायला बसलं की शेवटी धडधाकट माणसासाठीच लिहिलं जातं. यादी डोळ्यांसमोर असली की लेखणी जरा ताळ्यावर राहते.

फिजिओथेरपिस्ट मैत्रीण प्रत्येक ओळ तपासणार आहे. तिने हो म्हटल्याशिवाय काही रेकॉर्ड करायचं नाही.

९ जानेवारी

आक्षेप येणार हे माहीत होतंच. एका जुन्या साधकांना आराखडा दाखवला, तर म्हणाले, "ठीक आहे हो, पण खुर्चीवर बसून केला तर तो योग कसला? नुसते हातपाय हलवणं झालं."

म्हणून संध्याकाळी जरा पुस्तकं उघडली. पतंजलींनी आसनाची व्याख्या केली ती इतकीच: स्थिरसुखमासनम्, म्हणजे स्थिर आणि सुखाचं ते आसन. योगसूत्रांत एकाही आसनाचं नाव नाही. नावं येतात ती योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात, आणि तिथे पद्मासन, वीरासन, दंडासनाच्या रांगेतच 'सोपाश्रय', म्हणजे आधार घेऊन बसणं, हेही आसन म्हणून मोजलं आहे. शेवटी 'यथासुख', म्हणजे जसं सुखाचं वाटेल तसं, हेसुद्धा आहे. हा आधार योगपट्टाचा, असं त्या भाष्याचे टीकाकार वाचस्पतिमिश्र सांगतात. पाठ आणि गुडघे यांच्याभोवती बांधायचा हा पट्टा योगनरसिंहाच्या मूर्तींवर अगदी स्पष्ट दिसतो. देवाला पट्टा चालतो आणि काकूंना खुर्ची चालत नाही, हे काही पटत नाही.

हठयोगप्रदीपिका या जुन्या ग्रंथाच्या पहिल्या उपदेशात, म्हणजे अध्यायात, तरुण, वृद्ध, अतिवृद्ध, आजारी, दुर्बळ अशी सगळ्यांची नावं घेऊन म्हटलंय की आळस न करता अभ्यास केला तर सिद्धी मिळते. आपल्या काळात बी. के. एस. अय्यंगार (१९१८–२०१४) यांनी पट्टे, लाकडी ठोकळे, दोर, लोड आणि खुर्च्या वापरून आजारी माणसांनाही आसनं करायला लावली. त्यांच्या पुण्याच्या संस्थेतून ती साधनं जगभर गेली. त्यामुळे खुर्ची ही काही आमची पळवाट नव्हे.

साधकांना हे सगळं सांगितलं. "तरीपण," म्हणाले. असू दे. फितीत यातलं काहीही जाणार नाही. गुडघा दुखणाऱ्याला भाष्य नको असतं, नीट बसायला जागा हवी असते.

१४ जानेवारी

आज प्रत्येक आसनापुढे 'हे कशासाठी?' एवढंच लिहिलं. आसनाचा आकार बाजूला ठेवला आणि त्यातून शरीराचं कोणतं काम होतं ते पाहिलं.

ताडासन: वजन दोन्ही पायांवर सारखं, कणा लांब, छाती मोकळी. हे खुर्चीवर होतं. पलंगावरही होतं, पलंगाच्या पायथ्याकडच्या फळीला किंवा भिंतीला तळपाय टेकवून दाबले की झालं. भुजंगासन: पाठीचा वरचा भाग मागे वळवणं. भिंतीवर तळवे टेकवून, हनुवटी न उचलता छातीचं हाड पुढे आणि वर नेलं की तेच काम होतं. वृक्षासन: तोल. भिंतीपासून हातभर अंतरावर उभं राहायचं, एका पायाची टाच दुसऱ्याच्या घोट्याला टेकवायची आणि चवडा जमिनीवरच ठेवायचा. पाऊल मांडीपर्यंत नेल्याने फोटो चांगला येतो, पण तोल सावरायचा सराव घोट्यापाशीही तितकाच होतो.

उत्कटासनावर, म्हणजे गुडघे वाकवून हवेतल्या खुर्चीवर बसल्यासारखं उभं राहण्यावर, मात्र अर्धा दिवस घालवला. सगळ्या यादीत रोजच्या जगण्याशी इतकं थेट जोडलेलं दुसरं आसन नाही. खुर्चीवरून उठणं म्हणजे उत्कटासनच की. काकूंना उठताना पाहिलं. त्या पाठीला रेलून बसतात, पाय पुढे पसरलेले असतात आणि तिथूनच हातांच्या जोरावर स्वतःला सरळ वर ओढायला जातात. वजन मागेच राहतं, गुडघ्यांवर सगळा भार येतो, दोनदा झोका घेऊन तिसऱ्यांदा कशाबशा उठतात.

मजकूर असा उतरला: "खुर्चीच्या पुढच्या निम्म्या भागावर सरका. पावलांत कमरेइतकं अंतर. टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. आता पाठ लांब ठेवून कमरेतून पुढे झुका, नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत. श्वास सोडत तळपायांनी जमीन खाली दाबा आणि उठा. बसताना आधी खुर्चीची कड पायांना मागून लागू द्या, मग कमरेतून झुकत सावकाश खाली या. धपकन बसू नका."

काकूंनी करून पाहिलं आणि उठल्या. मग म्हणाल्या, "अगं, एवढंच होतं होय?" एवढंच होतं असं नाही, मांड्यांत ताकद यायला आठवडे जातील. पण वजन पुढे आणल्याचा फरक तिथल्या तिथे कळतो. तीस सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता येतं, ही फिजिओथेरपीत पायांची ताकद मोजायची नेहमीची चाचणी आहे. आम्ही मोजायला लावणार नाही. आकडा आला की स्पर्धा येते.

१५ जानेवारी

खुर्चीबद्दलच्या सूचना, फितीच्या सुरुवातीला जाण्यासाठी: चाकं नसलेली, न डगमगणारी, पाठ भिंतीला टेकवलेली. बसल्यावर कमरेचा सांधा गुडघ्यापेक्षा जरा वर हवा. पाय पोचत नसतील तर खाली घट्ट घडी घातलेली सतरंजी. उशी नको, पाऊल रुतलं की तोल जातो. हात असलेली खुर्ची चालेल, उठताना धरायला बरीच.

गीतेच्या सहाव्या अध्यायात ध्यानाला बसायची जागा फार उंच नको, फार खाली नको, असं म्हटलंय. फर्निचरवाल्यांनीही वाचायला हरकत नाही.

२२ जानेवारी

व्हीलचेअरवाल्या मित्रासोबत तीन तास. त्याने पहिलं वाक्य स्वतःच सांगितलं: "ब्रेक लावा." ते आमच्या मजकुरात नव्हतं, आता आहे. दुसरं, बसायची गादी काढायला सांगायचं नाही. आमच्या मूळ मजकुरात 'कडक पृष्ठभागावर बसा' असं होतं. ज्याला बसल्याजागी संवेदना नाही त्याला कडक जागेवर बसवणं म्हणजे दाबव्रणांना, सतत दाबाने होणाऱ्या जखमांना, निमंत्रण. ओळ कापली.

तो दिवसभर ठरावीक अंतराने पुढे झुकून बसायच्या भागावरचा दाब हलका करतो, त्याला डॉक्टरांनीच तसं सांगितलेलं आहे. मग आमचं खुर्चीतलं पुढे झुकणं त्यातच बसवलं: कोपरं मांड्यांवर, डोकं सैल, दोन-तीन सावकाश श्वास, मग हातांनी मांड्यांवर दाब देत वर. "म्हणजे मी इतकी वर्षं योग करतोय," असं म्हणून हसला. वेगळा वेळ काढायची गरजच उरली नाही.

एका वाक्यावर बराच वेळ बोललो: "लक्ष पायांच्या तळव्यांकडे न्या." हे ठेवायचं की काढायचं? मला वाटलं होतं काढावं. तो म्हणाला, "काढू नकोस. पाय जाणवत नाहीत म्हणून ते माझे नाहीत असं थोडंच आहे? फक्त पुढे 'जाणवतंय ना?' असं विचारू नकोस." ठेवलं, आणि प्रश्न काढला. मग बाकीच्या तिन्ही फितींतूनही 'जाणवतंय ना', 'छान वाटतंय ना' वगैरे सगळं काढून टाकलं. वाटत नसेल तर माणूस उगाच स्वतःलाच दोष देतो.

फिजिओथेरपिस्ट मैत्रिणीने एक भर घातली. मणक्याची इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर असेल तर घट्ट पट्टा, तुंबलेलं मूत्राशय अशा साध्या कारणानेही रक्तदाब एकदम चढू शकतो. डोकं जोरात ठणकतं, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. अशा वेळी आडवं करायचं नाही. सरळ बसवायचं, कपडे-पट्टे सैल करायचे, कारण शोधायचं आणि वैद्यकीय मदत बोलवायची. लिखित मजकुरात हे पहिल्याच पानावर जाईल.

२९ जानेवारी

श्वासाचा भाग.

चार मोजत घ्यायचा, सहा मोजत सोडायचा. दहा सेकंदांचा एक, म्हणजे मिनिटाला सहा. निवांत बसलेल्या मोठ्या माणसाचा श्वास एरवी मिनिटाला १२ ते २० च्या दरम्यान असतो. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना उतरतात. उतरवण्याचं काम व्हेगस मज्जातंतूकडे आहे. उच्छ्वास लांबला की त्याला जास्त वेळ मिळतो. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास आला की रक्तदाबाचे चढउतार सावरणारी शरीराची यंत्रणाही जास्त तत्पर होते. यात गूढ काही नाही, आणि म्हणूनच ते कुठेही करता येतं: उद्वाहकात, दवाखान्याच्या रांगेत, फोनवर कुणीतरी 'थोडं थांबा' म्हटलेलं असताना.

पण सहाचा आकडा सगळ्यांना मानवत नाही. फुप्फुसांचा जुना विकार असलेल्या माणसाला मोजायला लावलं की तो पुढचा श्वास मिळवायच्या धडपडीत घाबरतो. आणि संगणकवाल्या मैत्रिणीचं काय? तिची तक्रार खरी आहे. घबराटीचा त्रास असलेल्या काहींना श्वासावर लक्ष ठेवणं म्हणजे धोक्याच्या घंटेलाच कान लावून बसणं.

म्हणून तीन वाटा ठेवल्या आणि तिन्ही सारख्याच स्वरात सांगायच्या. एक, मोजून श्वास. दोन, भ्रामरी, तोंड मिटून हलका गुंजारव. गुणगुणताना श्वास आपोआप सावकाश सुटतो, मोजावं लागत नाही. भ्रामरीत बोटांनी कान बंद करतात, पण त्याची सक्ती नाही, खांदा आखडलेल्या ताईला कोपर तेवढं वर नेताच येत नाही. तीन, श्वासाचं नावच नाही: डोळे उघडे, खोलीतल्या तीन गोष्टी बघा, दोन आवाज ऐका, हाताखालचं कापड जाणवून घ्या. मैत्रिणीने तिसरी वाट करून पाहिली. म्हणाली, "हे मला जमेल. पण हा प्राणायाम आहे का?" प्राणायाम नाही. पण पतंजलींनीही चित्त शांत करायला योगसूत्रांच्या पहिल्या पादात एकामागून एक पर्याय दिलेत. श्वास हा त्यातला एक, आणि शेवटी ज्याला जे भावेल त्याचं ध्यान असंही सांगून ठेवलंय.

श्वास रोखून धरणं चारही फितींत कुठेच नाही. कपालभातीही नाही. लोकांची आवडती आहे, 'का नाही' असे निरोप येतील. उच्च रक्तदाब, हर्निया, गरोदरपण यांत ती टाळायची असते, आणि ऐकणारा कोण आहे हे फितीला दिसत नाही.

३ फेब्रुवारी

सावधगिरीचं पान. जितकं छोटं, तितकं वाचलं जाईल.

काचबिंदू असेल तर डोकं हृदयाच्या खाली जाईल असं काही नको, डोळ्यांतला दाब वाढतो. हाडं ठिसूळ असतील तर पाठीची कमान करून पुढे वाकणं आणि जोराने पीळ देणं टाळायचं, झुकायचं ते कमरेच्या सांध्यातून, पाठ सरळ ठेवून. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर आडव्याचं उठताना आधी कुशीवर, मग बसून थोडं थांबून, मग उभं. नवी शस्त्रक्रिया झाली असेल तर आधी डॉक्टरांना विचारून.

दुखण्याबद्दल एवढंच: पसरट ताण चालतो, टोकदार कळ चालत नाही, मुंग्या किंवा बधिरपणा चालत नाही. दुसऱ्या दिवशीही दुखत राहिलं तर पुढच्या वेळी निम्मं.

११ फेब्रुवारी

न दिसणाऱ्या सरांना खुर्चीवरच्या फितीचा कच्चा मजकूर वाचून दाखवला. ते करत गेले, मी बघत गेले. चौथ्या वाक्याला थांबले. "'असा हात न्या' म्हणजे कसा?"

मग पूर्ण मजकूर या एकाच कानाने पुन्हा वाचला. 'इथे', 'तसा', 'अशा प्रकारे', 'आता दुसऱ्या बाजूने' यांना कात्री. त्या जागी: "उजवा हात समोर, खांद्याच्या उंचीवर, तळवा खाली." आधी बाजू, मग अवयव, मग दिशा, शेवटी किती. हा क्रम सगळीकडे सारखा ठेवला की ऐकणारा वाक्य संपायच्या आत तयार असतो. खोलीतली ओळखीची खूण दिली तर आणखी सोपं: "खुर्चीची पाठ तुमच्या उजव्या हाताला येईल असे आडवे बसा."

यात एक मजा झाली. हा मजकूर काकूंना वाचून दाखवला तर त्यांनाही पहिल्यापेक्षा चांगला कळला, आणि त्यांना तर व्यवस्थित दिसतं. व्हिडिओसारखं पडद्याकडे मान वाकडी करून बघत बसावं लागलं नाही, म्हणाल्या.

आणखी एक बदल. आधी आम्ही 'जमत नसेल त्यांनी हात अर्ध्यावर ठेवावा' असं म्हणत होतो. ताईने नाक मुरडलं: "म्हणजे जमणारे एका रांगेत, आम्ही दुसऱ्या." आता आधी कमी उंचीचं सांगतो: "हात कमरेपर्यंत उचला. खांदा सैल असेल तर पुढे छातीपर्यंत, आणखी वाटलं तर डोक्यावर." उतरण्याऐवजी चढत जायचं, आणि जिथे थांबाल तिथे आसन पूर्ण. लिहायला हे जास्त अवघड जातं, कारण डोक्यात पुस्तकातलं चित्र आधी येतं.

१९ फेब्रुवारी

रोज कधी करायचं? दहा मिनिटंही सलग मिळत नाहीत असं सुनेचं म्हणणं. खोटं नाही. आजोबांचं उठवणं, पुसणं, औषधं, कूस बदलणं यात तिचा दिवस आजोबांच्या घड्याळावर चालतो.

तिच्यासाठी चौथ्या फितीतून तुकडे काढले. दात घासताना दोन्ही पावलांवर वजन सारखं. भांडी घासताना खांदे कानांपासून खाली. आजोबांना कुशीवर वळवताना कमरेतून झुकून, गुडघे सैल, श्वास सोडत ढकलायचं. हे आसन आणि कामाची पद्धत दोन्ही आहे, तिची पाठ त्यावरच टिकणार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल सांगितली आहे, पण थोडी हालचालही अजिबात नसण्यापेक्षा बरी, हेही तिथेच आहे. सुनेला दुसरं वाक्य दाखवलं, पहिलं मुद्दाम नाही.

मनाचं काम मात्र तुकड्यांत कसं बसवावं, हे मला सगळ्यात अवघड गेलं. शांत व्हा म्हणून कुणी शांत होत नाही. तिला एवढंच सुचवलं की आजोबा तिसऱ्यांदा तेच विचारतात तेव्हा उत्तर द्यायच्या आधी एक उच्छ्वास पूर्ण सोडायचा. राग आला तर आला, दाबायचा नाही. फक्त तो जबड्यात आहे की छातीत, एवढं पाहायचं. आठवड्याने म्हणाली, "राग येतोच. पण आता आधी कळतो." मी हे वाक्य फितीत घालणार होते, मग राहू दिलं. तिचं आहे ते.

२६ फेब्रुवारी

रेकॉर्डिंग. पहिली फीत ऐकली तर माझा आवाज योगवर्गात असतो तसा लाडिक झाला होता. पुन्हा केली, शेजारणीशी बोलते तशी. प्रत्येक सूचनेनंतर दोन श्वास मोकळे सोडले. सरांना तेही कमी वाटतात, आणि हाताला कंप असलेल्या माणसाला तर हात जागेवर न्यायला वेळ लागतोच. काही ठिकाणी चार केले. फीत दहाची तेरा मिनिटांवर गेली, जाऊ दे.

ऐकू न येणाऱ्यांसाठी लिखित मजकूर आहेच, पण शवासनात डोळे मिटल्यावर सूचना वाचणार कशी? म्हणून लिखित आवृत्तीत विश्रांतीच्या सगळ्या सूचना आधी एकत्र दिल्या, वेळेसाठी थरथरणारा गजर लावायला सांगितलं, आणि डोळे उघडे ठेवले तरी चालतं हेही. मजकूर चित्र म्हणून नाही, साध्या अक्षरांत. पडदावाचक सॉफ्टवेअरला चित्रातली अक्षरं बहुधा वाचता येत नाहीत.

५ मार्च

पलंगावरची फीत आजोबांबरोबर. पवनमुक्तासन मालिकेतल्या सांध्यांच्या हालचालींपैकी घोटे, बोटं, मनगटं एवढंच घेतलं. उजवी बाजू ते स्वतः करतात. डावी, पक्षाघाताची, सून धरून हलवते, सांध्याला आधार देत, आणि खांद्याला कधीही ओढत नाही. फिजिओथेरपिस्ट मैत्रिणीने सुनेचे हात धरून कसं पकडायचं ते दाखवलं. फितीत दोघांना वेगळ्या सूचना हव्यात हे इथे लक्षात आलं: "आजोबा, उजवं मनगट गोल फिरवा" आणि लगेच "तुम्ही त्यांच्या डाव्या कोपराखाली हात घ्या."

शेवटी त्यांना गुणगुणायला सांगितलं. बोलणं अडखळतं, पण गुणगुणणं सुरात आलं आणि बराच वेळ चाललं. सून दाराशी उभी राहून फोनवर कुणालातरी ऐकवत होती.

९ मार्च

बाकी राहिलेलं:

शेवटच्या घंटेचा आवाज. श्रवणयंत्र वापरणाऱ्या एका काकांना तो कानात टोचतो. घंटा काढली, आता फीत "सावकाश बोटं हलवा" या वाक्यानेच संपेल.

भिंतीवरच्या फितीत 'निसरडे मोजे काढा' हे सुरुवातीलाच घालायचं आहे.

काकूंना खुर्चीची फीत आणखी सावकाश हवी, मुलाला आणखी भरभर. दोन वेगांत पुन्हा बोलायचं की ज्याने त्याने फोनवर वेग बदलावा? सरांच्या मते बदललेल्या वेगात शब्द चिरकतात. मग दोनदाच बोलायचं. शनिवारी फिजिओथेरपिस्ट मैत्रिणीला वेळ आहे, तेव्हा हळू आवृत्ती.